गहाळ अकरा मिनिटं

तिनं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, कडेनं फाडायला नख लावलं, आणि पुढच्याच क्षणी ती पांढऱ्या साडीत, भलत्याच घरात, चुलीपाशी बसलेली होती. पत्रात काय होतं, कुणाचं होतं, मधे किती वर्षं गेली, काही कळायला मार्ग नाही. सभागृहात खुसखुस झाली. एका फिल्म क्लबाचा रविवार सकाळचा खेळ होता. जेमतेम तीसेक माणसं, त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची. मधलं एक रीळ नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं होतं. पण सांगितलेलं वेगळं आणि डोळ्यांदेखत एका बाईचं अख्खं आयुष्य उडी मारून पुढे गेलेलं वेगळं. शेजारचे काका माझ्याकडे झुकून म्हणाले, "अहो ताई, तिचा नवरा आगबोटीवर असतो ना, ती बुडते. त्याचं पत्र आहे ते." पुढच्या रांगेतल्या आजींनी मान वळवली. "छे हो! आगबोट दुसऱ्या पिक्चरमध्ये. ह्यात तो शहरात दुसरं लग्न करतो, म्हणून ही सगळं सोडून माहेरी येते." "मग पांढरी साडी कशाला नेसलीय?" "गरिबीची आहे ती." मागून कुणीतरी शूऽऽ केलं तेव्हा दोघं थांबले.

चित्रपट संपला तरी निकाल लागला नाही. शेवटी एक पुरुष परत येतो खरा, पण तो नवरा की भाऊ की दीर, हे त्या गहाळ रिळातच कुठेतरी सांगितलेलं असणार. काका आणि आजी बाहेर चहा पितानाही आपापल्या जागी ठाम होते. दोघांनीही तो लहानपणी पाहिलेला, दोघांच्या डोळ्यांसमोर प्रसंग लख्ख उभा, आणि दोन्ही प्रसंग एकमेकांशी बिलकूल न जुळणारे. चित्रपटाचं नाव मी सांगत नाही. सांगूनही कुणाला काही आठवणार नाही. सामान्य होता. गाणी सपक, खलनायक विनोदी, विनोदी नट असह्य. तरी तो डोक्यातून गेला नाही. असल्या चित्रपटाची उरलेली रिळं इतकी वर्षं कुणी सांभाळली असतील, आणि कशासाठी, हा प्रश्न रिक्षात बसल्यापासून टोचत राहिला.

एक रीळ म्हणजे हजार फूट. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे सोळा सुटी चित्रं; सेकंदाला चोवीस चौकटी पळतात, म्हणजे हजार फुटांची अकरा मिनिटं. जुन्या थिएटरांत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका क्षणभर चमकायचा. बहुतेकांना तो कधी दिसलाच नाही. तो प्रेक्षकांसाठी नव्हताच, वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरसाठी होता: रीळ संपत आलंय, दुसरा प्रोजेक्टर तयार ठेव. मला तो ठिपका कुणीतरी शाळेत असताना दाखवला आणि त्यानंतर पुढची काही वर्षं मी एकही चित्रपट नीट पाहू शकले नाही. नायिका मरत असायची आणि माझं लक्ष कोपऱ्यात. पण त्यामुळे एक गोष्ट फार लवकर कळली. पडद्यावर सलग वाहणारी ती गोष्ट प्रत्यक्षात डब्याडब्यांत भरलेली असते, आणि डबा म्हटला की तो हरवू शकतो, गंजू शकतो, विकला जाऊ शकतो.

विकला जाऊ शकतो, हे तर आपल्याकडे अक्षरशः घडलं. सुरुवातीची सगळी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. दिसायला अप्रतिम, जुन्या नायट्रेट प्रिंटमधल्या काळ्या-पांढऱ्याच्या छटा पुन्हा तशा दिसल्या नाहीत, असं ती पाहिलेली माणसं हळहळून सांगतात. पण हे रसायन बंदुकीच्या दारूच्या गोत्रातलं. एकदा पेटलं की पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं, कारण जळायला लागणारा प्राणवायू ते स्वतःच तयार करतं. आणि नाही पेटलं तरी हळूहळू चिकट होतं, मग त्याची तपकिरी भुकटी होते. १९५१ च्या सुमारास जगात बहुतेक ठिकाणी नायट्रेटचं उत्पादन थांबलं. तोवर ज्या निर्मात्यांकडे डब्यांचे ढीग पडले होते, त्यांना हा धोकाही होता आणि अडचणही. चित्रपट चालून गेला, आता भाडं भरून गोदामात ठेवायचा कशाला? वर फिल्मवरच्या लेपात चांदी. रिळं धुऊन चांदी काढणारे दारात उभेच असत. उरलेल्या पारदर्शक पट्टीच्या बांगड्या व्हायच्या, बायकांच्या पर्सा व्हायच्या. कुणाच्या तरी आजीच्या हातात एखाद्या मूकपटातला अख्खा युद्धप्रसंग किणकिणत असेल, हा विचार मला एकाच वेळी भयंकर वाटतो आणि थोडा आवडतोही.

'आलम आरा'चं हेच झालं. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर त्याचे दिग्दर्शक अर्देशिर इराणींना भेटायला गेले, तेव्हा दोन-तीन रिळं कुठेतरी असतील असं त्या वृद्ध गृहस्थांनी सांगितलं. नंतर त्यांच्या मुलानं नायरांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं: चांदीसाठी ती आपणच केव्हाच दिली होती. ही हकीकत नायरांनी पुढे अनेकदा सांगितली. मला त्यात मुलाचा राग येत नाही. घरात पेट घेणारी वस्तू, बापाचं उतारवय, धंदा मंदावलेला. त्याच्या जागी आपण काय केलं असतं, याचं प्रामाणिक उत्तर फारसं शोभादायक नाही.

मूकपटांची अवस्था तर बोलायलाच नको. तेराशेच्या वर मूकपट या देशात निघाले, त्यातले पूर्ण उरलेले बोटांवर मोजण्याइतके. 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा; आज आहेत ती दोन, पहिलं आणि शेवटचं. त्यातही काही अभ्यासक म्हणतात की ही दोन रिळं १९१३ ची नव्हेतच, फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत. म्हणजे ज्या चौकटी आपण पाठ्यपुस्तकात, टपाल तिकिटांवर आणि दर ३ मेच्या लेखात बघतो, त्यांच्याबद्दलही छातीठोकपणे बोलायची सोय नाही. त्यातल्या त्यात 'कालिया मर्दन'चं नशीब बरं. १९१९ चा हा चित्रपट, फाळक्यांची लेक मंदाकिनी त्यात कृष्ण झालेली. फाळके कुटुंबाकडून नायरांच्या हाती जे आलं ते सुटे, उलटेसुलटे तुकडे होते. फाळक्यांच्या वह्यांतल्या नोंदी समोर ठेवून ते त्यांनी क्रमानं लावले. आज ती पोरगी पाण्यात उडी मारते, नागाच्या फण्यावर नाचते, ती या जुळवाजुळवीमुळे.

कोल्हापूरकडे वळलं की जास्त वाईट वाटतं. बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' नाही, 'सिंहगड' नाही. 'मुरलीवाला'सारखं थोडं काही उरलं. आणि १९२५ ची 'सावकारी पाश' नाही, जिच्यात तरुण शांताराम शेतकरी झाले होते आणि जिच्यापासून आपल्या वास्तववादी चित्रपटाची सुरुवात मोजतात. तो चित्रपट आज फक्त पाहणाऱ्यांच्या शब्दांत आहे. चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडियांना पुढे किती तरी वर्षांनी आठवत होती ती त्यातली अंधूक उजेडातली झोपडी, आणि तिथे रडणारं कुत्रं. त्या कुत्र्याचं विव्हळणं त्यांच्या कानात राहिलं होतं.

मूकपटातलं कुत्रं.

पेंटरांनीच तो चित्रपट पुढे १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केला. वाडियांच्या मनात दोन्ही मिसळले असतील का? किंवा थिएटरातल्या वाद्यवाल्यानं तो आवाज काढला असेल का? की चित्रच इतकं बोलकं होतं? पडताळून बघायला प्रिंट नाही, त्यामुळे कुत्रं रडत राहणार. आमच्या काकांची आगबोट आणि आजींचं दुसरं लग्न यांना मी त्या दिवशी हसले, पण आपल्या चित्रपटाच्या पहिल्या वीस वर्षांचा इतिहास बराचसा असाच, आगबोटींवर आणि रडणाऱ्या कुत्र्यांवर उभा आहे.

फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते या पार्श्वभूमीवर, म्हणजे खरं तर फार उशिरा. प्रभातचा स्टुडिओ बंद पडून त्या जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट आलेली होती, तिच्याच आवारात संग्रहालयाचा जन्म. पुढे लॉ कॉलेज रस्त्यावर जयकर बंगला, आणि नंतर त्याच रस्त्यावर स्वतःची इमारत. पुणेकर त्याला कधी संग्रहालय म्हणालेच नाहीत. 'आर्काइव्ह' म्हणतात, किंवा 'एनएफएआय', "आर्काइव्हला काहीतरी लागलंय, येतेस का?" एवढ्यावर आमच्या कित्येक संध्याकाळी ठरल्या. पावसाळ्यात तिथे जायला मजा यायची. टेकडीवरून आलेलं पाणी रस्त्याच्या कडेनं धावतंय, ओल्या छत्र्यांचा दारात ढीग, आत गार अंधार, आणि पडद्यावर हंगेरीचा बर्फ. उपशीर्षकं वाचता वाचता अर्धं कळायचं, अर्धं समजलंय असं दाखवायचं. त्या वयात ते दाखवणंही महत्त्वाचं होतं.

नायर या संस्थेत १९६५ ला सहायक क्युरेटर म्हणून आले. त्रिवेंद्रमचे, चित्रपट काढायचे म्हणून मुंबईला आले, मेहबूब खान, बिमल रॉय, हृषीकेश मुखर्जी यांच्याजवळ राहून पाहिलं आणि आपला पिंड तो नाही हे ओळखून बाजूला झाले. हे ओळखणंही थोर आहे; न ओळखल्यामुळे किती तरी वाईट चित्रपट निघालेत. लहानपणी सिनेमाची तिकिटं जमवायचे, वजनाच्या काट्यातून निघणारी नटनट्यांच्या चित्रांची तिकिटं जमवायचे. मोठेपणी तेच केलं, फक्त डबे मोठे झाले. १९९१ ला निवृत्त झाले तेव्हा संग्रहात सुमारे बारा हजार चित्रपट होते, त्यातले आठ हजार भारतीय. अंधारात छोटी बॅटरी घेऊन बसायचे आणि वहीत नोंदी करायचे. कुठला प्रसंग कितव्या रिळात आहे हे त्यांना तोंडपाठ होतं, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. २०१२ मध्ये त्यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी माहितीपट केला, त्यानंतर त्यांचं नाव सर्वदूर झालं. ४ मार्च २०१६ ला ते पुण्यातच गेले.

मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटतं, तर त्यांनी निवड केली नाही याचं. घरातल्या थोरल्या बायका जसा दोऱ्याचा तुकडाही फेकत नाहीत, तसा हा माणूस डबा फेकत नव्हता. चांगला की वाईट, हा प्रश्न त्यांनी दारात विचारलाच नाही. अर्थात हा वाद त्यांच्याआधीचा आहे. पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयात आंरी लांग्लोआ हाताला लागेल ते वाचवायचा आणि वाचवलेलं लोकांना दाखवायचा. लंडनच्या संग्रहालयात अर्नेस्ट लिंडग्रेन समिती बसवायचा, काय जपण्यालायक आहे ते ठरवायचा आणि मूळ प्रतीला हात लावू द्यायचा नाही. दोघांचंही म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. पैसे मर्यादित, जागा मर्यादित, सगळं कसं ठेवणार? लिंडग्रेनच्या शिस्तीमुळे ज्या प्रती शाबूत राहिल्या त्यांना नावं ठेवणं सोपं नाही. माझा कौल तरीही लांग्लोआच्या आणि नायरांच्या बाजूनं. याचं कारण तो रविवारचा सामान्य चित्रपट. त्यात एका दृश्यात नायिका रस्ता ओलांडते. दिग्दर्शकाला फक्त तिला पलीकडे न्यायचं होतं. पण तिच्यामागे एक टांगा जातो, टांगेवाला चाबूक मानेत खोचून विडी पेटवतो, दुकानाच्या पायरीवर एक पोरगं पाटीवर काहीतरी लिहीत बसलंय, दोन बायका नऊवारीचा पदर कमरेला खोचून घाईघाईनं चालल्यात आणि त्यातली एक थेट कॅमेऱ्याकडे बघून तोंड फिरवते. त्यांना कुणी पैसे दिले नव्हते, त्यांना माहीतही नव्हतं. श्रेष्ठ चित्रपटात असलं काही दिसत नाही, कारण श्रेष्ठ दिग्दर्शक तो रस्ता आधी मोकळा करून घेतो. समितीपुढे हा चित्रपट गेला असता तर पहिल्याच बैठकीत बाद झाला असता, आणि ती तोंड फिरवणारी बाईही त्याच्याबरोबर.

जपणं म्हणजे नुसतं ठेवणं नव्हे, हे मला पहिल्यांदा वासानं कळलं. लॅमिंग्टन रोडजवळच्या एका वितरकाच्या बंद गोदामात एकदा कुणाबरोबर तरी गेले होते. शटर वर गेलं आणि शिरक्याचा भपकारा आला, असा की डोळ्यांत पाणी. कुणीतरी लोणच्याची बरणी फोडली असावी असंच वाटलं. नायट्रेटनंतर जी सुरक्षित म्हणून ॲसिटेटची फिल्म आली, ती पेटत नाही पण आंबते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. फिल्म आकसते, वाकडी होते, लेप सुटून येतो. एक डबा आंबला की शेजारचे लागण झाल्यासारखे आंबतात. मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. म्हणून व्हॉल्ट, म्हणजे फिल्म ठेवायच्या खोल्या, थंड आणि कोरडे लागतात, रंगीत फिल्मला आणखी थंड, आणि ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. डबे उघडून तपासावे लागतात, रिळं फिरवून पुन्हा गुंडाळावी लागतात. ज्या कामाचा फोटोही काढता येत नाही असं हे काम, आणि त्यावर संस्थेचं मरणजगणं.

तरीही जातंच. ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, प्रभातच्या काळापासूनच्या नायट्रेट व्हॉल्टला आग लागली. सहाशेच्या वर चित्रपटांचं नायट्रेट त्यात गेलं. बऱ्याच चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवर प्रती आधीच काढलेल्या होत्या, त्यामुळे चित्रपट गेले असं म्हणता येत नाही. पण प्रतीची प्रत कितीही चांगली असली तरी ती मूळ नव्हे. फाळक्यांच्या कॅमेऱ्यातून निघालेल्या पिढीची ती फिल्म, जिच्यातून कधीतरी अधिक चांगल्या यंत्रानं अधिक काही काढता आलं असतं, ती शक्यता गेली. आता कितीही चांगला स्कॅनर आणला तरी तो त्या दुसऱ्या पिढीच्या प्रतीवरच फिरणार.

आता यात आणखी एक संस्था येते, आणि माझ्या मनातली खरी ओढाताण इथेच आहे. चित्रपट जपण्याआधी तो निघावा लागतो. स. का. पाटलांच्या चित्रपट चौकशी समितीनं १९५१ मध्ये अहवाल दिला, त्याच्या शिफारशींतून १९६० ला फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं, आणि चित्रपट संग्रहालयाचंही मूळ त्या अहवालातच. फायनान्स कॉर्पोरेशननं साठीच्या दशकाच्या अखेरीस कमी खर्चाच्या, अनोळखी चित्रपटांना कर्ज द्यायला सुरुवात केली. मृणाल सेनांचा 'भुवन शोम' त्यातला. पुढे १९७५ ला एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, स्थापन झाली, १९८० मध्ये फायनान्स कॉर्पोरेशन तिच्यात विलीन झालं. 'जाने भी दो यारों' हा सात लाखांच्या आसपास बजेटमध्ये निघालेला चित्रपट त्यांचाच. आपल्याकडचा 'एक होता विदूषक' त्यांचाच: पु. लं.ची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि लक्ष्मीकांत बेर्डे अशा भूमिकेत की ज्यांना ते फक्त हसवतात असं वाटत होतं त्यांची बोलती बंद व्हावी. किती लोकांनी तो थिएटरात पाहिला? विदूषक रडतोय म्हटल्यावर लोक आलेच नाहीत. एनएफडीसीचा हा जुनाच रोग. चित्रपट काढायला पैसे द्यायचे, आणि तो लोकांपर्यंत न्यायची वेळ आली की हात झटकायचे. सरकारी पैशानं काढलेले आणि कुणी न पाहिलेले चित्रपट म्हणून त्यांची टवाळी करणं सोपं होतं, माझ्या पिढीनं ती भरपूर केली. पण १९८३ मध्ये फारसा न चाललेला 'जाने भी दो यारों' २०१२ मध्ये स्वच्छ होऊन पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा त्यातले संवाद पाठ असलेली पोरं तो निघाल्यानंतर जन्मलेली होती. मधल्या काळात कुणीतरी डबे सांभाळले होते, एवढंच त्याचं गुपित.

३० मार्च २०२२ ला सरकारनं आदेश काढून आर्काइव्ह, १९४८ चं फिल्म्स डिव्हिजन, बालचित्र समिती आणि चित्रपट महोत्सव संचालनालय या सगळ्यांना एनएफडीसीत आणलं. खूप चित्रपटवाल्यांनी त्याआधी पत्रं लिहून विरोध केला होता. भीती सरळ होती: कॉर्पोरेशन म्हणजे नफातोटा. ज्या गोष्टीची आज किंमत शून्य आहे ती वर्षानुवर्षं थंड खोलीत ठेवण्याचं उत्तर ताळेबंदात कसं द्यायचं? मला ती भीती अजूनही खरी वाटते. आणि तरी दुसऱ्या बाजूनं दिसतं तेही नाकारता येत नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेला ५९७ कोटी मंजूर झाले; २०२२ मध्ये २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटींची घोषणा झाली. नायरांनी ज्या काळात उधारउसनवारी करून प्रती मिळवल्या, त्या काळात असे आकडे कुणी स्वप्नातही बोललं नसतं. डागडुजी केलेला जयकर बंगला आज बघण्यासारखा आहे. मग तक्रार काय? तक्रार एवढीच, की पैसा आला की यादी येते, यादी आली की निवड येते, आणि निवडीत सत्यजित राय येतात, ऋत्विक घटक येतात, प्रभात येते, यायलाच हवेत. टांगेवाला कुठल्या यादीत बसवायचा, हे कुणाला सुचत नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्या कागदपत्रांत येत नाही आणि मला ती फार मोलाची वाटते. आर्काइव्हमधून सोळा मिलिमीटरच्या प्रती गावोगाव जायच्या. कर्नाटकात हेग्गोडू नावाचं सुपारीच्या बागांतलं खेडं आहे, तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी निनासम ही नाट्यसंस्था उभी केली आणि नायरांनी तिथे चित्रपट धाडले. शेतकरी रात्री बसून 'राशोमोन' बघत, 'पाथेर पांचाली' बघत, 'बायसिकल थीव्ह्ज' बघत, आणि मग त्यावर बोलत. ज्या 'राशोमोन'मध्ये एकाच घटनेच्या चार हकीकती आहेत, तो बघताना कुणी गोंधळलं नसेल. गावात रोजच तसं असतं. जपून ठेवलेली वस्तू अशी बाहेर गेली, हाताळली गेली, तिच्यावर ओरखडे पडले, म्हणून तिला काही अर्थ आला. लिंडग्रेनला हे पटलं नसतं.

आणि आता फिल्मच राहिली नाही. २०१३-१४ च्या आसपास आपल्याकडच्या प्रयोगशाळा भराभर बंद झाल्या, चित्रपट हार्ड ड्राइव्हवर गेले. लोकांना वाटतं की प्रश्न मिटला, आता काही आंबत नाही, पेटत नाही. उलट आहे. थंड खोलीत नीट ठेवलेली फिल्म शंभर वर्षं टिकते, आणि समजा सगळी यंत्रं गेली तरी ती उजेडासमोर धरली की चित्र दिसतं. ड्राइव्ह दहा वर्षं न वापरता कपाटात ठेवून बघा. डिजिटल चित्रपट दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवावा लागतो, कायम, न चुकता, आणि ते करायला कुणीतरी जिवंत आणि पगारी माणूस लागतो. त्यात आपल्याकडे पुस्तकांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते तसा चित्रपटांसाठी कायदा नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तर प्रत आर्काइव्हकडे जाते. नाही मिळाला तर निर्मात्याची मर्जी. म्हणजे निवड समिती पुन्हा दारात उभी.

माझ्या ओळखीतल्या एका मुलानं सात-आठ वर्षांपूर्वी मराठी चित्रपट केला. दोन आठवडे चालला, तोही सकाळच्या खेळाला. चित्रपट मध्यमच होता, त्यालाही ते माहीत आहे. पण त्यात कोथरूडमधलं एक थिएटर आहे, जे आता पाडलं, आणि डहाणूकर कॉलनीच्या कोपऱ्यावरची वडापावची गाडी आहे, आणि मेट्रोचे खांब यायच्या आधीचा पौड रस्ता. मध्यंतरी भेटला तेव्हा विचारलं, मास्टर कॉपी कुठे आहे? म्हणाला, ज्या स्टुडिओत शेवटचं काम केलं तिथे होता, तो स्टुडिओ बंद झाला. मालकाकडे एक ड्राइव्ह असावी, आणि एक आईच्या कपाटात आहे, पण ती बरेच दिवसांत लावून बघितली नाही. मी म्हटलं, "अरे, लॉ कॉलेज रोडला नेऊन दे ना एक प्रत." तो हसला. "काकू, तो पिक्चर कोण बघणार आहे?" मी त्याला टांगेवाल्याचं सांगितलं, आगबोटीचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, कारण मुलगा चांगला आहे. ड्राइव्ह अजून आईच्या कपाटातच आहे, आणि मी त्याच्या आईला फोन करून ठेवलाय.